लपलेल्या नियमांचा गेम: कामाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

पहिला चालता प्रोटोटाइप तयार झाला. डोंगरमाथ्यावरचा मोकळा प्रदेश, त्यात ठिकठिकाणी फरश्यांचे पट. फरशीवर पाय ठेवला की ती उजळते, परत ठेवला की विझते. पटाच्या कडेला घंटा आहे, दोरी ओढायची, मांडणी नियमात बसत असेल तर घंटा वाजते, नसेल तर नाही. बस एवढंच. कुठेही मजकूर नाही, ट्युटोरियल नाही, 'आता हे करा' असा बाण नाही. काही फरश्यांवर खुणा कोरलेल्या आहेत आणि त्या खुणांचा अर्थ काय हे प्लेअरने स्वतः शोधायचं, तोच गेम.

पहिल्या भागाची खूण ठिपके. नियम असा की ठिपक्यांची फरशी कायम उजळलेली असते आणि तिच्यावर जितके ठिपके तितक्या उजळलेल्या फरश्या तिला चारही दिशांना सरळ रेषेत 'दिसल्या' पाहिजेत, मध्ये विझलेली फरशी आली की नजर तिथेच अडते, तिच्यापलीकडचं मोजायचं नाही. सांगितलं तर दोन वाक्यांत संपतं. पण आपण सांगणार नाही आहोत, त्यामुळे खरं काम इथूनच सुरू.

१९ जानेवारी

आज पहिली टेस्ट, एका मैत्रिणीला बसवलं. तिने पहिले चार पट भराभर सोडवले, मी खूश, आणि मग सहज विचारलं की ठिपके म्हणजे काय गं? म्हणाली, "सोप्पंय की, शेजारच्या किती फरश्या उजळायच्या ते." म्हणजे फक्त लगतच्या चार. रेषा, नजर, अडणं हे काहीच तिच्या डोक्यात नव्हतं आणि तरी घंटा प्रत्येक वेळी वाजत होती.

कारण बघितलं तर साधं आहे. ते सगळे ३ बाय ३ चे पट होते आणि ठिपक्यांची फरशी मधोमध. मधल्या फरशीपासून कुठल्याही बाजूला एकच फरशी असते, त्यामुळे 'लगतच्या चार मोजा' आणि 'रेषेत दिसतील त्या मोजा' यांची उत्तरं तिथे हुबेहूब एकच येतात. 'पूर्ण आडवी आणि उभी ओळ मोजा' हेही तेच उत्तर देतं. तीन वेगळ्या समजुती आणि पट तिघींना सारखाच मान डोलावतोय.

हे मला या गेमचं सगळ्यात महत्त्वाचं तत्त्व वाटायला लागलंय. पट सुटला म्हणजे नियम कळला असं होत नाही. पटाचं काम बरोबर उत्तर घेणं हे नाहीच, कुठली तरी एक चुकीची समजूत मोडणं हे आहे. जो पट एकही समजूत मोडत नाही तो कितीही सुंदर दिसला तरी काढून टाकायचा.

२६ जानेवारी

यावर वाचत बसलो होतो. पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९६० चा प्रयोग आहे, २-४-६ चा. लोकांना सांगितलं की २, ४, ६ हे तीन आकडे माझ्या मनातल्या नियमात बसतात, तुम्ही तुमचे तीन-तीन आकडे सांगा, मी हो किंवा नाही म्हणेन, खात्री झाली की नियम सांगा. लोक ८-१०-१२, २०-२२-२४ असं विचारत गेले, प्रत्येक वेळी 'हो', आणि बहुतेकांनी ठामपणे सांगितलं की दोन-दोनने वाढणारे आकडे. नियम होता फक्त चढत्या क्रमातले कुठलेही तीन. म्हणजे १-२-३ विचारलं असतं किंवा ५-९-४० विचारलं असतं तर लगेच कळलं असतं, पण आपली समजूत मोडेल असा प्रश्न माणूस आपणहून विचारतच नाही, त्याला 'हो' ऐकायला आवडतं.

आपली मैत्रीण नेमकं हेच करत होती आणि यात तिचा काडीचाही दोष नाही, डोकं असंच चालतं. त्यामुळे 'नाही' पर्यंत प्लेअरला नेणं ही डिझायनरची जबाबदारी.

पत्त्यांमध्येही हा प्रकार जुना आहे. रॉबर्ट ॲबटने १९५६ मध्ये इल्युसिस नावाचा खेळ काढला, डीलर मनात एक गुप्त नियम ठरवतो आणि बाकीचे पत्ते टाकून तो शोधतात, पुढे मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या त्याच्या सदरात त्यावर लिहिलं. त्यातली गुण मोजायची पद्धत मला फार आवडते. डीलरचा फायदा तेव्हाच, जेव्हा नियम काहींना सापडतो आणि काहींना नाही. कोणालाच न सापडणारा नियम ठेवला तर डीलरच मागे पडतो. म्हणजे नियम नको तितका अवघड करायचा मोह खेळाच्या रचनेतच आवरलाय.

२ फेब्रुवारी

ठिपक्यांच्या नियमाबद्दल कोणकोणत्या चुकीच्या समजुती होऊ शकतात त्याची यादी केली. लगतच्या चार. लगतच्या आठ, म्हणजे तिरक्या धरून. पूर्ण ओळ, मध्ये काही अडलं तरी. स्वतःला धरून मोजणं. आणि गट, म्हणजे ही फरशी ज्या उजळलेल्या पुंजक्यात आहे त्यात तिच्याशिवाय आणखी किती. शेवटची समजूत मला सुचलीच नव्हती, दुसऱ्या टेस्टरने बोलता बोलता सांगितली, त्यामुळे टेस्टला बसलेल्या प्रत्येकाला मोठ्याने विचार करायला सांगणं आता पक्कं.

मग या यादीवर पट बनवले आणि खरंच मजा आली कारण सगळ्यात छोटे पट सगळ्यात जास्त काम करतात.

२ बाय २ चा पट घ्या. समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांत ठिपक्यांच्या दोन फरश्या, दोन्हींवर २ ठिपके. उरल्या दोन मोकळ्या फरश्या. खऱ्या नियमाने दोन्ही उजळायच्या. पण जो गट मोजतोय त्याच्या हिशोबाने दोन्ही उजळल्या तर पुंजका मोठा होतो, त्यामुळे तो एकच उजळवणार. लगतच्या आठ मोजणाराही एकच उजळवणार कारण समोरचा तिरका ठिपका आधीच एक धरला गेलाय. दोघांनाही घंटा 'नाही' म्हणते. अवघ्या दोन फरश्यांत दोन समजुती गेल्या!

दुसरा, पाच फरश्यांची एक सरळ पट्टी. दोन्ही टोकांना एकेक ठिपका, मधली फरशी फुटकी म्हणजे कायम विझलेली. खऱ्या नियमाने टोकाला फक्त शेजारची दिसते, पुढे फुटकी आडवी येते, म्हणून दुसरी आणि चौथी उजळायची. पूर्ण ओळ मोजणाऱ्याला मात्र पलीकडचं टोक आधीच उजळलेलं दिसतं, त्याचं एक भरलं, तो दोन्ही विझवून दोरी ओढणार. स्वतःला मोजणाराही तेच करणार. दोघे बाद.

तिसरा, ३ बाय ३ मध्ये कोपऱ्यात ४ ठिपके. कोपऱ्याला लगतच्या फरश्या दोनच, तिरकी धरली तर तीन. चार होऊच शकत नाहीत. इथे तर दोरी ओढायचीही गरज नाही, पटाकडे नुसतं बघितलं तरी समजूत मोडते, आणि माझ्या मते हा क्षण गेममधला सगळ्यात गोड. माणूस थांबतो, मागे सरकून बघतो, आणि मग त्याला पूर्ण रेषा दिसते.

९ फेब्रुवारी

हे हाताने तपासणं परवडणारं नाही म्हणून एडिटरमध्ये एक टूल लिहिलं. पट द्यायचा, समजुतींची यादी द्यायची, टूल प्रत्येक समजुतीने होणारी सगळी उत्तरं काढतं आणि खऱ्या नियमाच्या उत्तरांशी ताडून बघतं. निकाल चार तऱ्हेचे येतात. समजुतीला उत्तरच नाही, म्हणजे पट बघूनच ती मोडते. उत्तरं आहेत पण खऱ्याशी एकही जुळत नाही, म्हणजे घंटा तिला मोडते. काही जुळतात काही नाही, म्हणजे नशिबावर. आणि सगळी तंतोतंत जुळतात, म्हणजे हा पट त्या समजुतीसाठी निरुपयोगी.

पहिले दोन हिरवे, चौथा करडा. तिसरा मुद्दाम लाल ठेवलाय, कारण तोच घातक. कोपऱ्यातल्या ४ ठिपक्यांच्या पटावर गट मोजणारा असाच लटकतो. त्याने योगायोगाने सरळ काटकोन उजळवला तर घंटा वाजते, नुसती वाजत नाही तर त्याची चुकीची समजूत आणखी घट्ट करते.

तांत्रिक बाब: गोडोमध्ये (ज्या इंजिनवर हा गेम बनतोय) त्याच्या जीडीस्क्रिप्ट भाषेत सरळसोट सगळ्या मांडण्या फिरवल्या तर ४ बाय ४ ला ठीक आहे, ६५,५३६ मांडण्या. ५ बाय ५ ला ३,३५,५४,४३२ होतात आणि प्रत्येक समजुतीसाठी तेवढ्या, मग एडिटर गारठतो. ६ बाय ६ ला आकडा ६,८७१ कोटींच्या वर जातो, ते तर विसराच. आता एकेक फरशी भरत जाऊन, एखादा ठिपका मर्यादेबाहेर गेला की तिथूनच मागे फिरायचं असं केलंय, आणि आपल्या मोठ्या पटांवर तेवढ्याने भागतं कारण त्यांच्यावर ठिपके दाट आहेत.

२३ फेब्रुवारी

ओपन-वर्ल्डचा प्रश्न. एकामागून एक लेव्हल असलेल्या गेममध्ये क्रम आपल्या हातात असतो, आधी हे शिकवलं मग ते. इथे प्लेअर कुठूनही येतो, आधी पट्टी बघेल, मध्येच टेकडीवर चढेल, दोन भाग सोडून तिसऱ्यात शिरेल, आणि हे स्वातंत्र्य मला काढून घ्यायचंच नाहीये, त्याच्यासाठीच तर हा सगळा प्रदेश उभा केलाय.

म्हणून क्रमाचा विचार सोडून दिला. वरचे तिन्ही पट कुठल्याही क्रमाने सोडवा, शेवटी यादीतली एकही चुकीची समजूत शिल्लक राहत नाही, कारण प्रत्येक पट स्वतंत्रपणे आपापल्या समजुती मोडतो, आधीच्यावर अवलंबून नाही. अडचण फक्त पट वगळला तर आहे. गट ही समजूत नक्की मोडणारा एकच पट होता, तो २ बाय २ चा, आणि तो एखाद्याने बघितलाच नाही तर तो माणूस तीच समजूत घेऊन पुढच्या भागात जाणार. आता टूलला नवीन अट घातलीये की प्रत्येक समजूत एका भागात किमान दोन ठिकाणी, आणि एकमेकांपासून लांबच्या दोन ठिकाणी, मोडलीच पाहिजे. अट पुरी झाली नाही तर बिल्डच, म्हणजे गेमची नवी चालती आवृत्ती तयार होणंच, अडतं.

दारं, किल्ल्या, पॉवर यातलं काहीही ठेवलेलं नाही. ज्याला नियम माहीत आहेत तो नवीन गेम सुरू करून थेट शेवटच्या पटाकडे चालत जाऊ शकतो. आउटर वाइल्ड्स (२०१९) या गेमने हे फार देखण्या पद्धतीने केलंय, २२ मिनिटांचं चक्र परत परत सुरू होतं, हातात नवीन हत्यार वगैरे काही येत नाही, वाढतं ते फक्त तुम्हाला काय माहीत आहे ते. प्रगती प्लेअरच्या डोक्यात सेव्ह होते. आपल्यालाही तेच हवंय, त्यामुळे 'इथे यायला इतके पट सुटलेले पाहिजेत' ही सूचना आली होती ती नाकारलीये आणि पुढेही नाकारणार.

८ मार्च

सजावटीवर मोठी चर्चा. चित्रांचं काम बघणाऱ्या मित्राने पायवाटेवर तडे गेलेल्या फरश्या टाकल्यात, दिसतात अप्रतिम, पण टेस्टर दर वेळी तिथे थांबतो आणि मोजायला लागतो. फुटकी फरशी हा आपल्या नियमाचा भाग आहे, ती नजर अडवते, आणि तीच वस्तू उगाच शोभेसाठी वाटेत पडलेली असेल तर प्लेअर जगावर भरवसा ठेवणार नाही. त्याला कळणार कसं कुठली खूण बोलतेय आणि कुठली नुसतीच आहे?

ठरलं असं की जे नियमात वापरलंय ते शोभेसाठी कुठेही वापरायचं नाही. तडे फक्त पटावर, वाटेवर शेवाळ आणि गवत. मित्राला आधी जड गेलं पण मग त्यानेच सुचवलं की कोरीव ठिपके प्रदेशात दुसरीकडे कुठेही दिसलेच नाहीत तर लांबून पट ओळखू येतील, आणि ते अगदी खरं निघालं.

यालाच लागून: टेकडीवरून खालचा पट बघितला की ठिपके गायब होत होते. लांबच्या टेक्स्चरच्या (वस्तूंवर चढवलेल्या चित्रांच्या) कमी रिझोल्यूशनच्या प्रती वापरल्या जातात, त्यात बारीक कोरीव काम पुसलं जातं. बाकी गेममध्ये हे चालून जातं, इथे ठिपका पुसला जाणं म्हणजे नियमच पुसला जाणं. खुणांची आता वेगळी भूमिती आहे आणि लांबून त्या थोड्या जाड होतात.

रंगावर अवलंबून असलेली एकही खूण ठेवायची नाही हेही आजच पक्कं केलं. उजळलेली आणि विझलेली फरशी यांच्यात प्रकाशाच्या जोडीला उंचीचाही फरक आहे, उजळलेली किंचित वर येते. घंटेचा आवाज येतो तेव्हा दोरीही थरथरते. ज्याला रंग वेगळे ओळखता येत नाहीत किंवा ऐकू येत नाही त्याला नियम शोधायचा तितकाच हक्क आहे.

२२ मार्च

तुक्के. दोन मोकळ्या फरश्या म्हणजे चारच मांडण्या, न समजताही कोणीही सोडवेल. यावर वेगवेगळ्या गेमनी वेगवेगळे उपाय काढलेत. द विटनेस (२०१६) मध्ये काही पॅनल, म्हणजे कोड्यांचे फलक, चुकल्यावर बंद पडतात आणि मागचं पॅनल परत सोडवावं लागतं. रिटर्न ऑफ द ओब्रा डिन (२०१८) मध्ये जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते शोधायचं असतं आणि तीन जणांची माहिती बरोबर भरली की मगच गेम ती पक्की करतो, त्यामुळे एकेकावर तुक्का मारून चालत नाही.

दोन्ही उपाय हुशार आहेत, पण आपल्या गेमला मला शिक्षा नकोय. छोटा पट तुक्क्याने सुटला तरी माझी हरकत नाही, कारण सुटलेली मांडणी तिथेच उजळलेली राहते आणि ती स्वतः पुरावा आहे. गट मोजणाऱ्याने २ बाय २ तुक्क्याने सोडवला तरी समोर त्याच्या समजुतीला न बसणारं बरोबर उत्तर पडलेलं असतं, ते त्याला खुपतं. मोठ्या पटांवर तुक्के आपोआप संपतात, तिथे मांडण्याच इतक्या की समजल्याशिवाय हात चालत नाही.

आणखी एक गोष्ट बदलली. आधी चुकलं की पट कोरा व्हायचा. आता चुकलेली मांडणी जशीच्या तशी राहते. चुकलेलं उत्तर ही या गेममधली सगळ्यात मौल्यवान माहिती आहे, ती प्लेअरच्या डोळ्यांसमोरून काढून घेण्यात काहीच अर्थ नाही. हवं तर तो स्वतः पुसेल.

कुठला ठिपका चुकला ते लाल करून दाखवायचं का यावर बराच वेळ घालवला. न दाखवायचं ठरलं. दाखवलं की माणूस मांडणीकडे बघणं सोडून लाल विझेपर्यंत फरश्या दाबत बसतो, विचार थांबतो.

६ एप्रिल

मोकळा पट तयार! गेले काही आठवडे मनात होता. झेंडो म्हणून कोरी हीथचा एक खेळ आहे, त्यात खेळाडू स्वतः सोंगट्यांची मांडणी करतो आणि नियम ठरवणारा तिच्याशेजारी पांढरा किंवा काळा खडा ठेवतो, पांढरा म्हणजे नियमात बसते, काळा म्हणजे नाही. उत्तर शोधायचं नसतं, प्रश्न विचारायचा असतो. आपल्याकडे आता प्रत्येक भागाच्या मध्यावर एक मोठा पट आहे जिथे ठिपक्यांचे सुटे दगड पडलेत, हवे तिथे ठेवा, हव्या त्या फरश्या उजळवा, हव्या तिथे फुटक्या टाका आणि दोरी ओढा. इथे काहीच सुटत नाही, काहीच उघडत नाही. फक्त हो किंवा नाही.

वेसनच्या लोकांना जे करता आलं नाही ते इथे करावंसं वाटलं पाहिजे, म्हणजे मुद्दाम चुकेल अशी मांडणी करून बघणं. म्हणून इथल्या 'नाही' ला स्वतःचा आवाज दिलाय. बझर नाही, कर्कश काही नाही, एक खोल, लांब घुमणारा ठोका, घंटेइतकाच ऐकत राहावासा वाटणारा. साउंडवर आम्ही दोघांनी जितका वेळ या एका ठोक्यावर घालवला तितका दुसऱ्या कशावर नाही आणि तो सार्थकी लागलाय असं मला मनापासून वाटतं. बाकीच्या पटांवरही आता शांततेऐवजी हाच ठोका.

२० एप्रिल

नवीन टेस्टर, पूर्ण कोरा, पझल गेम फारसे न खेळलेला. 'समजलं का' असं आता विचारत नाही, त्यावर सगळे हो म्हणतात. त्याऐवजी एक मांडणी दाखवायची आणि विचारायचं, दोरी ओढली तर काय होईल? उत्तर चुकलं तर समजूत कुठे अडली ते लगेच दिसतं, टेस्टरलाही आपली परीक्षा घेतायत असं वाटत नाही.

तो मोकळ्या पटावर बराच वेळ रमला. एका लांब ओळीच्या टोकाला ठिपक्यांचा दगड ठेवला, सगळी ओळ उजळली, घंटा. मग मधली एक विझवली, ठोका. मग तो थोडं थांबला आणि विझलेल्या फरशीच्या अलीकडे किती उरल्या ते मोजून तितक्याच ठिपक्यांचा दगड बदलून ठेवला. घंटा. "म्हणजे याला पलीकडचं दिसत नाही," असं स्वतःशीच म्हणाला. 'दिसतं' हा शब्द आम्ही कोणीच त्याच्यापुढे उच्चारलेला नव्हता. त्यानंतर भागातले उरलेले पट त्याने न अडखळता सोडवले, आणि प्रत्येक मांडणीचं भाकीत बरोबर.

४ मे

ठिपक्यांचा भाग बंद, आता फक्त बग. ठिपक्यांचे दगड उचलताना कधी कधी फरशीखाली जातात ते दुरुस्त करायचंय, आणि मोकळ्या पटावर ठेवलेली मांडणी सेव्ह होत नाही तेही.

पुढचा भाग लाटेची खूण. नियम: ज्या पटावर लाट कोरलीये तिथे उजळलेल्या सगळ्या फरश्या मिळून एकच सलग तुकडा झाला पाहिजे, तिरकं जोडलेलं चालत नाही. समजुतींची यादी सुरू केलीये, आतापर्यंत: तिरकं जोडलेलं चालतं, फक्त लाटेच्या खुणा एकमेकींना जोडायच्या बाकीचं कसंही, विझलेल्या सलग हव्यात, तुकडा कडेला टेकला पाहिजे, २ बाय २ चा ठोकळा होता कामा नये. यातल्या दुसऱ्या आणि खऱ्या नियमात फरक करणारा छोटा पट अजून सापडलेला नाही, ४ बाय ४ च्या खालचा हवाय. कोणाला आणखी समजूत सुचली तर शीटमध्ये टाका, कितीही विचित्र वाटली तरी टाका, टूलला चालते.